दोनशे चौदा खुंट

११ फेब्रुवारी १९९७ला, मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या कारखान्यातल्या जुन्या मशीनची डिस्क गेली. जाताना तिने फारसा आवाज केला नाही. पिठाच्या गिरणीत खडा आला की होते तशी थोडी खरखर झाली आणि थांबली. संगणक विभागातल्या विश्राम नाखवाने वीज बंद केली, दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा चालू केली. डिस्क सापडत नाही, एवढंच मशीनने पडद्यावर लिहिलं.

विश्राम घाबरला नाही. दर शुक्रवारी तो डिस्कवरचं सगळं टेपवर उतरवून घ्यायचा आणि वहीत तारीख घालून सही करायचा. पाच टेपा होत्या, त्या आळीपाळीने वापरायचा. शेवटची चारच दिवसांपूर्वीची होती.

डिस्कवर कारखान्याचं काहीच नव्हतं. रंगाची रसायनं बनवणाऱ्या त्या कारखान्याने हे मशीन १९८६ साली पगारपत्रकासाठी घेतलं होतं. १९९२ साली नवं आलं तेव्हा हे स्टोअरमागच्या खोलीत ढकलण्यात आलं. संगणक विभागाचे प्रमुख श्रीपाद ओगले यांनी विश्रामला ते वापरायची परवानगी दिली, तीही तोंडी. "भंगारात द्यायचं तर उचलायला चार माणसं लागतील," ते म्हणाले होते. "त्यापेक्षा तू बस त्याच्यापुढे."

डिस्क गेली तेव्हा तिच्यावर ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या दोनशे चौदा घरांच्या जबान्या होत्या.

खाडीत डोल जाळं लावायचं तर आधी खुंट रोवावे लागतात, आणि कुणाचा खुंट कुठे हे आजे-पणज्यांच्या वेळेपासून ठरलेलं असतं. त्याचा कागद नसतो. देवळाचा कळस आणि मिठागराच्या बांधाचं टोक एका रेषेत आलं, आणि त्याच वेळी पलीकडचा उंबर डाव्या खांद्याशी असला, की ती अमक्याची जागा. १९९३ साली खाडीवर नव्या पुलासाठी भराव टाकायचं ठरलं. भरावाखाली ज्यांच्या जागा जातील त्यांना खाडीत दुसरीकडे जागा मिळणार होत्या, पण नोंद असेल तरच. म्हणून जे म्हातारे या खुणा सांगू शकत होते ते हयात असतानाच सगळं लिहून घ्यायचं पंचांनी ठरवलं.

लिहून घेतलं ते उत्तराताईंनी. त्या पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि विश्रामच्या चुलत घराण्यातल्या. दोन वर्षं त्या संध्याकाळी वह्या घेऊन घरोघर गेल्या. म्हाताऱ्याने आपली जागा सांगायची, त्याच्या डाव्या आणि उजव्या खुंटाच्या मालकांनी ऐकायचं, पटलं तर तिघांनी अंगठे उठवायचे. कित्येक घरी आधी भांडणं झाली, मग चहा झाला, मग अंगठे उठले. भरलेल्या वह्या विश्राम मानपाड्याला न्यायचा आणि कामाची वेळ संपल्यावर तासभर बसून, इंग्रजी लिपीत का होईना, मराठीच टाईप करायचा. एका घराची एक फाईल, फाईलला म्हाताऱ्याचं नाव.

स्वतःच्या घराची जबानी त्याने शेवटी ठेवली. आपलंच आधी लिहिलं असं कुणी म्हणू नये, असं त्याच्या वडिलांचं, दामाजींचं म्हणणं होतं. ती ऑगस्ट १९९५मध्ये झाली. डिसेंबरात दामाजी गेले.

दुसरी डिस्क मिळायला नऊ दिवस लागले. ओगल्यांनी कारखान्याच्या भंगाराच्या कपाटातून तशीच एक जुनी काढून दिली. गेलेली डिस्क ठाण्यात एका दुरुस्तीवाल्याला दाखवली होती. त्याने आत पडलेले ओरखडे दाखवून ती परत केली. २० फेब्रुवारीला विश्रामने मशीनबरोबर आलेल्या १९८६ सालच्या टेपवरून सिस्टीम चढवली. दुपारी शुक्रवारची टेप घातली. पडद्यावर नावं उमटू लागली.

"येतंय ना?" ओगले दारातून म्हणाले.

"येतंय, साहेब. सगळी नावं येतायत."

"जागांची सुनावणी कधी आहे तुमची?"

"वीस मार्चला. महिना आहे अजून."

"मग आज प्रिंट काढून टाक. कागद नवा घे, स्टोअरला मी सांगतो."

दोनशे चौदावं नाव येऊन टेप थांबली. विश्रामने सहज मधलीच एक फाईल उघडली. तिच्यात काही नव्हतं. दुसरी उघडली. मग क्रमाने पहिल्यापासून उघडू लागला. ओगले मागे येऊन उभे राहिले. पंधरा-सोळा फाईली झाल्यावर ते म्हणाले, "थांब. लांब यादी काढ."

यादीत प्रत्येक नावाशेजारी फाईलचा आकार असतो. दोनशे चौदा नावं होती आणि प्रत्येकाशेजारी शून्य होतं.

"बाकीच्या टेपा घाल."

चारही टेपांवर तेच होतं.

"लिहिल्या कशाने या?" ओगल्यांनी विचारलं.

मशीनसोबत आलेला टेपचा प्रोग्रॅम टेपवर खराब जागा आली की तिथेच बंद पडायचा. म्हणून विश्राम परदेशातल्या काही लोकांनी लिहून फुकट वाटलेला प्रोग्रॅम वापरायचा. तो मूळ रूपात, म्हणजे लिहिलेल्या ओळींच्या मजकुरात यायचा. त्यातून चालणारा प्रोग्रॅम आपल्या मशीनवर आपण बांधून घ्यायचा. पवईच्या एका संस्थेत चंदू नावाचा त्याचा मित्र होता, तो नवीन आवृत्ती आली की टेपवर टाकून द्यायचा. नव्या आवृत्त्या नव्या मशीनांसाठी लिहिलेल्या असत, १९८६ सालच्या मशीनवर त्या सरळ बांधल्या जात नसत. दर वेळी विश्राम कुठे काय अडतं ते बघून एका वेगळ्या फाईलमध्ये जुळवणी लिहायचा. ही जुळवणी तो चंदूच्या हाती मूळ लेखकांनाही पाठवायचा. त्यांच्या आभाराच्या यादीत तीन वेळा त्याचं नाव आलं होतं. शेवटी डोंबिवली, इंडिया असं असायचं. ते पान त्याने कुणाला दाखवलं नव्हतं, पण फाडूनही टाकलं नव्हतं.

१९९५च्या ऑक्टोबरात मात्र उत्तर आलं की एवढं जुनं मशीन आता कुणी वापरत नसावं, त्यासाठीचा सगळा भाग पुढच्या आवृत्तीतून काढला आहे, आजवरच्या मदतीबद्दल आभार. नोव्हेंबरात ती आवृत्ती आली. तेव्हा दामाजी अंथरुणाला खिळलेले होते.

"परत बांध," ओगले म्हणाले. "माझ्यासमोर."

विश्रामने प्रोग्रॅम बांधायला घेतला. बांधणी करणारा कंपायलर दोन मिनिटं चालला आणि एका ओळीवर अडला. ती ओळ दिसताच विश्रामने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. पंधरा महिन्यांपूर्वीही तो तिथेच अडला होता.

"मागच्या वेळी कसा गेला मग पुढे?"

"मी हेडर बदललेली."

"आपली?"

"नाही. सिस्टीमची."

ओगले शेजारच्या स्टुलावर बसले. हेडर फाईल म्हणजे मशीनने स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं वर्णन. फाईलची माहिती विचारली तर ती कोणत्या क्रमाने मिळेल, कोणत्या घराला, म्हणजे रकान्याला, किती जागा, आकार कितव्या घरात, हे त्यात असतं. प्रोग्रॅम बांधताना कंपायलर ते वाचतो आणि खरं मानतो. नवा प्रोग्रॅम एका घराची रुंदी वेगळी धरून चालला होता. त्याच्यासाठी जुळवणी लिहायची तर आठवडा गेला असता. विश्रामने त्या दिवशी मशीनच्या वर्णनातच त्या घराची रुंदी बदलली. एका शब्दाच्या जागी दुसरा. कंपायलरची तक्रार थांबली, प्रोग्रॅम बांधला गेला, आणि तो साडेपाचला घरी जाऊ शकला.

वर्णन बदललं तरी मशीन जसं होतं तसंच राहिलं. ते माहिती जुन्याच क्रमाने देत होतं आणि प्रोग्रॅम एक घर अलीकडे बघत होता. त्या घरात कायम शून्य असायचं. आकार शून्य म्हटल्यावर तो प्रत्येक फाईलचं नाव टेपवर लिहायचा आणि पुढे जायचा.

"तू टेप तपासत नव्हतास?"

"तपासायचो, साहेब. दर शुक्रवारी. यादी काढायचो."

"नुसत्या नावांची."

"लांब यादीला सहा पानं जायची."

"एक फाईल परत उतरवून बघायची, विश्राम. एक." ओगल्यांचा आवाज चढला नव्हता. "अरे, पगारपत्रकाला तूच मला हे शिकवलंस. तुझ्याच हातची सूचना लागलीय वर भिंतीला."

"पगार होता तो," विश्राम म्हणाला.

शनिवारी तो उत्तराताईंकडे गेला. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही.

"पंचांच्या वकिलांकडे काही कागद आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव साली नमुना म्हणून दिलेला प्रिंट आहे. एकसष्ट घरांचा."

"म्हणजे एकशे त्रेपन्न गेली."

"हो."

वह्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. वह्या मच्छीमार सोसायटीच्या माळ्यावर होत्या. जून १९९६मध्ये त्यांना वाळवी लागल्याचं उत्तराताईंच्याच लक्षात आलं होतं. तेव्हा निम्मा मजकूर तरी वाचता येत होता, आणि सुट्टीत बसून मी परत उतरवते, असं त्या म्हणाल्या होत्या. विश्राम म्हणाला होता, ताई, कशाला डोळे खराब करता, सगळं मशीनमध्ये आहे, दर शुक्रवारी टेप निघते. गणपतीच्या आधी माळा साफ केला तेव्हा उरलेला भुसा पोत्यात भरून टाकून दिला गेला.

उत्तराताईंनी लाल पेनचं टोपण लावलं. "मला काही जागा आठवतील. दहा, बारा. बाकीचं मी लक्षात ठेवलं नाही रे. लिहिलेलं होतं, म्हणून ठेवलं नाही."

"मीसुद्धा नाही."

"तू तर सगळं टाईप केलंस."

"टाईप करताना वाचत नाही, ताई. अक्षरं बघतो."

तो उठला तेव्हा त्यांनी थांबवलं. "ज्यांनी सांगितलं त्यातले किती राहिलेत आता?"

विश्रामने आदल्या दिवशीच मोजलं होतं. "त्या एकशे त्रेपन्नातले तीस. त्यातल्या सात-आठ जणांना माणूस ओळखता येत नाही."

पंचांची बैठक रविवारी देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. सत्तरेक माणसं आली होती. विश्रामने उभं राहून सांगितलं, सोपं करून सांगितलं, स्वतःची चूक आहे हेही सांगितलं. हेडर वगैरे कुणाला कळलं नाही. कळावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

पंचांत सगळ्यांत वडील चांगदेव तांडेल. ते बराच वेळ विडी न पेटवता हातात धरून होते.

"मशीनमदी हाय, असा तू बोललेला."

"हो, बाबा."

"आता काय हाय मशीनमदी?"

"नावं आहेत."

"नावा तं मना पन ठावी हायेत," चांगदेव म्हणाले. कुणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं.

"कंप्युटरवाल्याच्या घरची तरी वाचली काय?" बायकांच्या बाजूने आवाज आला.

"नाही, मावशी. ती पण गेली."

ते ऐकून शेडमधला ताण जरासा सैल झाला, हे विश्रामला जाणवलं. त्याचं नुकसान झालं नसतं तर लोकांनी त्याला तिथे उभं राहू दिलं नसतं.

ठरलं ते असं. एकसष्ट घरांचं छापील आहे तसं द्यायचं. उरलेल्यांनी आपापली जागा नव्याने लिहून द्यायची, खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. मुदत पंधरा मार्च. अर्ज गोळा करायचं काम विश्रामकडेच ठेवलं. ही शिक्षा की विश्वास, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

पहिल्या आठवड्यात ऐंशी अर्ज आले आणि त्यातल्या एकोणीस जागा दोनदा आल्या. म्हातारे असताना हे झालं नसतं. म्हाताऱ्यांनी समोरासमोर बसून एकमेकांना शिव्या घातल्या होत्या आणि मग एकमेकांचं मान्य केलं होतं. आताची मुलं बँकेत, पोस्टात, रेल्वेत होती. खाडीत उतरून कित्येकांना वीस वर्षं झाली होती. बापाने सांगितलेल्या जागा त्यांना अर्धवट आठवत होत्या, आणि आठवत नव्हतं तिथे चांगली जागा आठवत होती. महिपत आणि गोदा या सख्ख्या भावा-बहिणीने एकाच खुंटासाठी दोन अर्ज दिले. ज्यांची छापील नोंद होती ते एकसष्टजण शेजाऱ्यांना सही देताना अडून बसू लागले. होळीच्या वर्गणीला तीन घरांनी पहिल्यांदा नाही म्हटलं.

चौदा मार्चला संध्याकाळी परशुराम आला. दामाजींच्या खुंटाशेजारी त्याच्या वडिलांचा, दगडूंचा खुंट असायचा. परशुराम विश्रामपेक्षा चार वर्षांनी लहान, कळव्याला नोकरीला.

"दादा, एक सही पायजे. शेजारी म्हणून."

विश्रामने अर्ज वाचला. देवळाचा कळस आणि मिठागराच्या बांधाचं टोक एका रेषेत, उंबर डाव्या खांद्याशी.

"ही आमची आहे, परशा."

"तुमची नाय, दादा. आमची. माझ्या आज्याने तुमच्या आज्याला लावायला दिलेली, एका हंगामापुरती. बाबांनी जबानीत सांगितलेलं. तूच टाईप केलंय." तो हे भांडायला म्हणाला नव्हता. "तुला आठवत असेल ना."

विश्रामला आठवत होतं, पण एवढंच, की दोन जबान्यांपैकी एका जबानीत लावायला दिली असं वाक्य होतं. कुणी कुणाला, ते आठवत नव्हतं. दगडूंनी म्हटलं असेल, आमची जागा दामाजीच्या बापाला दिली. किंवा दामाजींनी म्हटलं असेल, पलीकडची आमचीच होती, ती दगडूच्या बापाला दिली. दोन्ही जबान्यांवर तीन-तीन अंगठे होते, म्हणजे तेव्हा तिघांनाही ते पटलं होतं. वाक्य त्याच्या बोटांखालून गेलं होतं. शेवंतीला, त्याच्या आईला, विचारलं असतं तर तिने क्षणभरही न थांबता आपली म्हणून सांगितलं असतं. परशुरामच्या आईनेही सांगितलं असतं.

"दादा, माझं खोटं असेल तर सही नको करू."

"खोटं आहे असं नाही म्हणत मी."

"मग?"

विश्रामच्या समोर बाकी सगळ्या अर्जांचा गठ्ठा होता. त्यातल्या प्रत्येकाला तो तीन आठवडे सांगत होता की खात्री नसेल तर लिहू नका. आपल्या हातून नोंद गेली आणि आपल्याच आठवणीवर आपण जागा मागितली, तर एकोणीस भांडणांमध्ये कुणाला काय सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं. त्याने सही केली. परशुरामने अर्ज घेतला, पण लगेच गेला नाही. येताना त्याने बहुधा भांडायची तयारी केली असावी.

"मग तुमची कुठली लिहिणार, दादा?"

"बघतो," विश्राम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मानपाड्याला जाऊन त्याने राहिलेलं काम केलं. सिस्टीमची हेडर आता मूळची होती, तिला हात लावला नाही. जुळवणी वेगळ्या फाईलमध्ये लिहिली. आठवडा लागेल असं वाटलं होतं, अडीच दिवस लागले. प्रोग्रॅम बांधला, टेप काढली, एक फाईल परत उतरवून पाहिली. अगदी बरोबर उतरली. ओगल्यांनी विचारलं, आता टेपवर काय घेतोस? अर्ज, तो म्हणाला. आलेले अर्ज टाईप करून टाकलेत. जाताना ओगल्यांनी खोलीतला पंखा चालू करून दिला.

२० मार्चला, गुरुवारी, ठाण्याच्या कचेरीत सुनावणी झाली. कोळीवाड्यातून दीडशे माणसं गेली होती. बाकं पुरली नाहीत. शेवंती पुढून दुसऱ्या बाकावर बसली होती, उत्तराताई तिच्या शेजारी. अधिकारी तरुण होता, शांतपणे एकेक नाव घेत होता. ज्या जागा दोनदा आल्या होत्या त्यांच्यासमोर तो वादग्रस्त असं लिहायचा आणि पुढची तारीख न देता पुढचं नाव घ्यायचा.

"दामाजी नाखवा. वारस विश्राम. जागा?"

"नोंद नाही," विश्राम म्हणाला.

अधिकाऱ्याने वर पाहिलं. "ही यादी तुम्हीच केलीत ना? तुमचीच नोंद नाही?"

"नाही, साहेब."

"तोंडी सांगता येईल. दोन शेजारी आहेत का इथे?"

विश्रामने मान हलवून नाही म्हटलं. अधिकाऱ्याने रकान्यात आडवी रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. दगडू, वारस परशुराम. परशुराम उभा राहिला आणि अर्जातला मजकूर वाचू लागला, शाळेत धडा वाचावा तसा, एका सुरात. देवळाचा कळस. मिठागराच्या बांधाचं टोक. उंबर, डाव्या खांद्याशी. अधिकाऱ्याने सह्या तपासल्या, दुसरा कुणी दावेदार आहे का ते विचारलं, थोडं थांबला आणि शिक्का मारला.

विश्राम मागे येऊन आईच्या बाकाशेजारी उभा राहिला. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती परशुरामकडे बघत होती.

"ती तं आपली," ती हळू म्हणाली.

"असेल, आये."

"असंल नाय रं. आपली हाय. तुजा बापूस तितंच जायाचा."

उत्तराताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. पुढचं नाव पुकारलं गेलं होतं, आणि ज्याचं होतं तो माणूस गर्दीतून वाट काढत पुढे येत होता. विश्राम त्याला जागा द्यायला बाजूला सरकला.